वंश, जात आणि स्त्री : सीमाभागातील मंडळीपुढील एक जुना प्रश्न

वंशद्वेषाचा विषय निघाला की आपल्या मराठी मंडळ्यांतील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील गुलामांचे बाजार किंवा दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचे कायदे उभे राहतात. हे पाप दूरदेशीचे आहे, असे समजून उपदेशक पुढे जातो आणि ऐकणाराही निश्चिंत मनाने घरी परततो. ही निश्चिंतता योग्य नाही, असे आम्हांस वाटते. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याची जी वृत्ती तिकडे वर्णाच्या नावाने वावरली, तीच इकडे जातीच्या नावाने वावरत आली आहे. शिवाय तिचा सर्वांत जड भार ज्या व्यक्तीवर पडतो, ती व्यक्ती दोन्हीकडच्या हिशेबवहीतून वगळली गेली आहे. त्या वगळलेल्या व्यक्तीचा इतिहास थोडक्यात मांडण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

बीदर जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यात दुबलगुंडी हे गाव आहे. बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या या पट्ट्यात कानडी, मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. निजामाच्या राज्यात हा सारा मुलूख एकत्र होता. १९४८ साली ते राज्य भारतात विलीन झाले. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होताना जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर बीदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाची ओळख एका शब्दात संपत नाही. शेतमजुरी करणारी, मादिग कुळात जन्मलेली, मराठी बोलणारी, बाप्तिस्मा घेतलेली विधवा घ्या. ती शासनाच्या दृष्टीने कोण? गावाच्या दृष्टीने कोण? आणि मंडळीच्या दृष्टीने कोण? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी येतात, आणि एकाही उत्तरात ती संपूर्ण सापडत नाही.

एक खटला आणि एक संज्ञा

अशा व्यक्तीच्या स्थितीला अलीकडे विद्वानांनी एक नाव दिले आहे. मराठीत त्यासाठी 'आंतरछेदिता' असा काहीसा बोजड शब्द वापरला जातो. शब्द अवघड असला तरी त्यामागील गोष्ट सोपी आहे.

अमेरिकेत सेंट लुई येथे जनरल मोटर्स या कंपनीचा कारखाना होता. १९६४ पूर्वी तेथे कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतले जात नव्हते. पुढे घेतले गेले. परंतु मंदी आल्यावर 'शेवटी आलेला प्रथम जाईल' या नियमाने कामगार कमी करण्यात आले, तेव्हा उशिरा दाखल झालेल्या या स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या. पाच स्त्रियांनी दावा लावला. १९७६ साली न्यायालयाने असे म्हटले की, कंपनीने पूर्वीपासून स्त्रियांना कामावर घेतले आहे, म्हणून स्त्री या नात्याने अन्याय झालेला नाही. आणि वर्णाच्या नात्याने तक्रार असेल तर ती वर्णभेदाविषयीच्या दुसऱ्या दाव्यात सामील करावी. पूर्वी घेतलेल्या स्त्रिया श्वेतवर्णीय होत्या, ही गोष्ट न्यायालयाला निर्णायक वाटली नाही. दोन कारणे एकत्र करून तिसरे कारण मांडण्याची मुभा त्या स्त्रियांना मिळाली नाही.

किंबर्ले क्रेनशॉ या कृष्णवर्णीय विदुषीने १९८९ साली या व अशा खटल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ही संज्ञा रूढ केली. तिने चौरस्त्याचा दृष्टांत दिला. चारी बाजूंनी वाहने येत असताना मध्ये उभ्या असलेल्या माणसाला इजा झाली, तर ती एका रस्त्यावरच्या वाहनाने झाली असेल किंवा अनेक रस्त्यांवरच्या वाहनांनी मिळून. दोन अन्याय एकत्र आले म्हणजे त्यांची नुसती बेरीज होत नाही. त्यातून निराळाच अन्याय उभा राहतो, आणि प्रत्येक न्यायासन तो दुसऱ्याच्या खात्यावर टाकून मोकळे होते. या सिद्धांताचे सार आमच्या मते एवढेच आहे. संज्ञा १९८९ची असली तरी अनुभव जुना आहे, आणि आपल्या मुलखात तर तो फारच जुना आहे.

कल्याण आणि मंगळवेढे

हुमनाबादहून बसवकल्याण फार दूर नाही. बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जल याच्या काळी बसवण्णा आणि शरण यांनी तेथे जन्मजात उच्चनीचतेविरुद्ध मोठी चळवळ उभी केली. हरळय्या हा चांभार आणि मधुवरस हा जन्माने ब्राह्मण, असे दोन शरण. मधुवरसाची मुलगी हरळय्याच्या मुलाला दिली गेली. परंपरा सांगते की, या विवाहामुळे राजदरबार खवळला आणि दोन्ही पित्यांना हाल हाल करून मारण्यात आले. त्यानंतरच्या उलथापालथीत कल्याणची चळवळ पांगली.

या कथेचा भर दोन्ही पित्यांच्या बलिदानावर आहे, आणि तो यथार्थच आहे. परंतु धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने येथे थांबून एक गोष्ट पाहावी. समाजव्यवस्थेला एवढा संताप शरणांच्या पंक्तिभोजनाने आला नाही. तो विवाहाने आला. म्हणजे जातीची भिंत कोठे उभी आहे, तर स्त्रीच्या विवाहावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात हेच सूत्र मांडले. जातीचे मूळ जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या बंधनात आहे. आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या चाली ते बंधन टिकविण्यासाठी आल्या, असे त्यांनी दाखविले. जातीचा प्रश्न आणि स्त्रीचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, ही गोष्ट एका मराठी विद्यार्थ्याने अमेरिकेतील त्या अभ्यासाच्या ७३ वर्षे आधी सिद्ध केली होती.

शरणांमध्ये वचने रचणाऱ्या स्त्रियाही होत्या. त्यांपैकी दलित कुळातील काळव्वे परंपरेत 'उरिलिंगपेद्दीची पुण्यस्त्री' म्हणून ओळखली जाते. तिचे नाव पतीच्या नावामागून येते. तरीही तिच्या वचनांत अन्नावरून कुळाची प्रतिष्ठा ठरविणाऱ्या लोकांना थेट सवाल केलेला आढळतो.

कलचुरींचे जुने ठाणे मंगळवेढे होते. तेच गाव पुढे चोखोबांचे म्हणून ओळखले गेले. गावकुसाची भिंत कोसळून चोखोबांचा १३३८ साली तेथे अंत झाला, असे सांगतात. त्यांची पत्नी सोयराबाई हिचे अभंग मराठी ख्रिस्ती वाचकांनी अवश्य अभ्यासावेत. विटाळ हा शब्द तिच्यावर दोन अंगांनी येत होता : महाराच्या जन्माचा विटाळ आणि स्त्रीदेहाचा विटाळ. विटाळावाचून देह उत्पन्नच होत नाही, मग शुद्ध कोण, असा तिचा युक्तिवाद आहे. या एका प्रश्नाने ती दोन्ही बंधनांवर एकाच वेळी घाव घालते. असा प्रश्न नेमक्या याच ठिकाणाहून उठला, हे विसरता येत नाही. जिच्यावर दोन्ही भार होते तिलाच दोन्हींचे एक मूळ दिसले.

'ज्ञानोदया'तील निबंध

ख्रिस्ती नियतकालिकांच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष १८५५ होय. अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात त्या वर्षी महात्मा फुले यांच्या पुण्याच्या शाळेतील मुक्ता या मांग मुलीचा निबंध दोन भागांत छापला गेला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तो आहे. ज्यांना वेद ऐकण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न ती विचारते. पुढे ती आपल्या समाजातील स्त्रियांच्या बाळंतपणाकडे वळते : डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पावसात प्रसूती होते, औषधाला पैसा नाही. जातीचे दुःख सांगताना पुरुष लेखक पाणवठा आणि रस्ता सांगत असत. मुक्ता बाळंतिणीचे अंथरूण सांगते.

आणखी एक गोष्ट त्या निबंधात आहे व ती आपल्याला अधिक झोंबणारी आहे. वरिष्ठांचे पाहून महारही मांगांना हीन लेखू लागले, असे ती लिहिते. पिडलेल्यांमध्येही उतरंड असते, हे तिने लपविले नाही. आपल्या सीमाभागात महार-मांग, होलेय-मादिग, माला-मादिग अशा जोड्यांनी हीच उतरंड चालत आलेली आहे. एका घरातील ख्रिस्ती दुसऱ्या घरी सोयरीक करीत नाही, तेव्हा ती मंडळीच्या दाराशी थांबलेली नसते.

फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथरांवरून दलित पँथर हे नाव घेतले. अशा रीतीने वर्ण आणि जात यांचे नाते आपल्या विचारवंतांनी वारंवार ओळखले. याचा अर्थ जात म्हणजेच वंश, असा मात्र नव्हे. जातीचा उगम वंशभेदात आहे हे मत आंबेडकरांनी स्पष्टपणे नाकारले होते. साम्य उगमात नाही, व्यवहारात आहे : जन्माने मिळालेली, बदलता न येणारी, वंशपरंपरेने चालणारी अप्रतिष्ठा.

मिशनची मायमंडळी

बीदर परिसरातील मेथॉडिस्ट मंडळ्या अमेरिकेतील मेथॉडिस्ट एपिस्कोपल मिशनच्या सेवेतून उभ्या राहिल्या. शाळा, दवाखाना आणि शुभवर्तमान यांनी मादिग व इतर दलित कुटुंबांना जो मान दिला, त्याचे ऋण आम्ही कृतज्ञतेने स्मरतो. परंतु ज्या मायमंडळीने हे केले, तिच्या स्वतःच्या घरात काय चालले होते, हेही इतिहासाने सांगितले पाहिजे.

अमँडा स्मिथ ही कृष्णवर्णीय स्त्री १८३७ साली मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मली. धुणी धुऊन आणि घरकाम करून तिने चरितार्थ चालविला. पुढे ती नामांकित सुवार्तिक झाली आणि १८७९ साली हिंदुस्थानात येऊन सुमारे दोन वर्षे तिने येथे उपदेश केला. मेथॉडिस्ट बिशप जेम्स थोबर्न यांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आत्मचरित्राला आदराने प्रस्तावना लिहिली. परंतु तिला दीक्षा मिळाली नाही. श्वेतवर्णीयांच्या मंडळीत तिचा वर्ण आड येई. आणि तिच्या स्वतःच्या कृष्णवर्णीय मंडळीत तिचे स्त्रीत्व आड येई.

तिच्यानंतरही प्रश्न मिटला नाही. १९३९ साली अमेरिकेतील तीन मेथॉडिस्ट शाखांचे ऐक्य झाले, त्याच घटनेत कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी 'मध्यवर्ती प्रांत' नावाचा वेगळा विभाग करण्यात आला. इतर प्रांतांच्या सीमा भूगोलाने ठरल्या. याची सीमा मात्र वर्णाने ठरली. १९५६ साली स्त्रियांना दीक्षेचे पूर्ण हक्क मिळाले. वर्णावरचा तो विभाग १९६८ साली मोडला. म्हणजे मधल्या १२ वर्षांत स्त्रीसाठी उघडलेले दार कृष्णवर्णीय स्त्रीला बहुधा त्या कुंपणाच्या आतच उघडत होते. भारतातील मेथॉडिस्ट मंडळी १९८१ साली स्वायत्त झाली. स्वायत्ततेबरोबर घर झाडण्याची जबाबदारीही आपल्याकडे आली.

शासनाच्या वहीतील रकाने

१९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजले जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धार्मिक अट काढण्याची शिफारस केली. पुढे २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. परिणाम असा की, मादिग ख्रिस्ती स्त्रीचा गावात जातीवरून अपमान होतो, तेव्हा गाव तिला मादिग म्हणते. परंतु १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मागताना तिला ती ख्रिस्ती असल्याचे सांगण्यात येते. सेंट लुईच्या स्त्रियांना मिळालेल्या उत्तराची ही देशी आवृत्ती होय.

दलित स्त्रियांनी हे मुकाट्याने सोसले असे नाही. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली ग्रंथरूपाने आले. त्यात गावाने केलेल्या छळाबरोबर घरातील पुरुषांनी केलेला छळही निर्भीडपणे सांगितला आहे. १९९५ साली दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच्या संस्थापक रूथ मनोरमा या कर्नाटकात कार्य करणाऱ्या ख्रिस्ती स्त्री. दलितांमधील दलित अशा शब्दांत त्यांनी या स्त्रियांची स्थिती सांगितली. २००१ साली दर्बान येथील वंशद्वेषविरोधी जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न यावा म्हणून दलित संघटनांनी प्रयत्न केले, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे या मुद्द्यावर भारत सरकारने त्यास विरोध केला.

२७ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका जन्मांध अनुसूचित जातीच्या स्त्रीवरील अत्याचाराच्या प्रकरणात निर्णय देताना या संज्ञेचा विस्ताराने विचार केला. स्त्रीत्व, जात आणि अंधत्व यांची फारकत करून तिचे दुःख समजणार नाही, असे न्यायालयाने मान्य केले. तरीही गुन्हा जातीच्या कारणाने घडला याचा पुरावा नाही म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची शिक्षा टिकली नाही. बलात्काराची शिक्षा कायम झाली. विचार समजला तरी वहीचे रकाने बदलण्यास वेळ लागतो, हे यावरून दिसते.

यरुशलेमेतील विधवा

आता शास्त्राकडे वळू. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आरंभीच्या मंडळीतील पहिली अंतर्गत तक्रार नोंदलेली आहे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली की, रोजच्या वाटणीत आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते. हा वृत्तांत आपण बहुधा डीकनांच्या नेमणुकीची कथा म्हणून शिकवितो. तो वेगळ्या दृष्टीने वाचावा, असे आम्ही सुचवितो.

प्रेषितांना जनरल मोटर्सच्या खटल्यातील उत्तर देता आले असते. विधवांना वाटणी मिळत होती. इब्री विधवा त्याला साक्षी होत्या. ग्रीकभाषिकांना मंडळीत जागा होती. त्यांचे पुरुष त्याला साक्षी होते. दोन्ही रकाने पुरे भरलेले होते. तरीही ग्रीक बोलणारी विधवा उपाशी होती. भाषा आणि वैधव्य ज्या ठिकाणी एकमेकांस छेदतात, तेथे ती उभी होती.

प्रेषितांनी तीन गोष्टी केल्या. कुरकुरीला फुटीरपणा म्हटले नाही. सर्व शिष्यमंडळीला एकत्र बोलाविले. आणि वाटणीचा अधिकार ज्यांच्या हाती दिला त्या सातांची नावे ग्रीक आहेत : स्तेफन, फिलिप्प आणि इतर, निकलाव तर अंत्युखियाचा, यहूदी धर्म स्वीकारलेला परराष्ट्रीय. ज्यांची तक्रार, त्यांच्याच बाजूच्या हाती कोठार गेले. मात्र येथेही एक उणीव दिसते. साती पुरुष होते. विधवांचा प्रश्न सुटला. विधवा वाटणीच्या मेजाशी बसली नाही. शास्त्राने आपली अपुरी पावलेही लपविलेली नाहीत, आणि पुढील पाऊल आपल्यासाठी राखले आहे.

पौलाने गलतीकरांस लिहिताना ख्रिस्तामध्ये वंश, दास्य आणि लिंग या तिन्ही भेदांचा उल्लेख एकाच श्वासात केला, तो काही योगायोग नव्हे. हागार मिसरी होती, दासी होती आणि स्त्री होती. अब्राहामाच्या घरात तिला तिच्या नावाने कोणी हाक मारल्याचे दिसत नाही. रानात देवदूताने तिला नावाने हाक मारली, आणि आपल्याला पाहणारा देव म्हणून तिने देवालाच नाव दिले. चौरस्त्यावर उभ्या असलेल्या व्यक्तीला देव कसा भेटतो, याचा शास्त्रातील हा पहिला वृत्तांत होय.

आपल्या मंडळीपुरते

धर्मसेवक आणि प्रचारक बंधुभगिनींनी या इतिहासावरून काय करावे? नवीन संज्ञा व्यासपीठावरून सांगण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. आपली नोंदवही उघडावी. पंचकमिटीत स्त्रिया किती आणि दलित कुळातील किती, हे वेगवेगळे मोजून समाधान मानू नये. दलित स्त्रिया किती, हे मोजावे. त्यातही जी पोटजात गावात सर्वांत खालची मानली जाते तिच्यातील किती, हे मोजावे. ज्या गावात उपासना कानडीत होते तेथे मराठी किंवा तेलुगू बोलणारी विधवा प्रभुभोजनाच्या आधी आपला कबुलीजबाब कोणत्या भाषेत देते, ते पाहावे. बायबलवुमन म्हणून आयुष्य वेचलेल्या स्त्रियांना मंडळीने म्हातारपणी काय दिले, याची चौकशी करावी. सोयरिकी जुळविताना आपण मध्यस्थ असू, तर कुळ विचारले जाते तेथे आपण काय बोलतो, हे तपासावे.

ही कामे लहान आहेत, पण यरुशलेमेतील तक्रारही रोजच्या भाकरीचीच होती. ती ऐकून घेतली म्हणून, लूक लिहितो त्याप्रमाणे, देवाच्या वचनाचा प्रसार झाला आणि शिष्यांची संख्या वाढली. दुबलगुंडीच्या पट्ट्यातील मंडळ्यांची वाढ कोणत्या दारातून व्हावयाची आहे, हे त्या अध्यायाने आपल्याला पुरेसे स्पष्ट सांगितले आहे.